पन्नासाव्या वर्षीचा घोट

वरच्या मजल्यावरची खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नोकरी कुठे करता, एकट्याच राहणार का, मासे खाता का, यांतलं काहीच विचारलं नाही. त्यांनी स्टीलची एक वाटी माझ्या नाकाखाली धरली आणि म्हणाले, "वास घे."

वाटीत कसले तरी भाजलेले दाणे होते. त्या आठवड्यात डोंबिवलीत माझे सहा घरमालक बघून झाले होते. एकाने घटस्फोटाच्या निकालाची प्रत मागितली होती. दुसऱ्याच्या बायकोने मला पाहिल्याबरोबर नवऱ्याला आतल्या खोलीत पाठवलं होतं. त्या मानाने ही परीक्षा सोपी वाटली.

"बिस्किटांच्या कारखान्यावरून गेल्यासारखा," मी म्हटलं. "आणि मागे थोडा गवताचा. भिजून परत वाळलेल्या."

ते आतल्या दिशेने ओरडले, "अगं, भाडेकरू मिळाला!"

"नाव तरी विचारलंत का तिचं?" आतून आवाज आला.

"ते तू विचार. मला लागणार नाही."

खरंच लागलं नाही. पुढची चार वर्षं ते मला "वरची" म्हणत राहिले आणि मी त्यांना काका. काका म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "मी तुझ्या बापाचा भाऊ नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं. पण दुसरं काय म्हणायचं हे त्यांनाही सुचलं नाही, म्हणून ते तसंच राहिलं.

काका रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते आणि घरी बीअर करत होते. साधी नाही, कडक. ती निवळायला एक वर्ष लागायचं आणि प्यायला चहाचा अर्धा कप पुरायचा. कायद्याचं काय, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मी धान्याला मोड आणतो आणि त्याचं पाणी उकळतो. पुढचं ते आपलं आपण करतं. पकडायचं तर त्याला पकडा."

या उद्योगाची साधनसामग्री सांगते. गणपतीत मोदकांच्या उकडीसाठी वापरायचा एक मोठा टोप. एक गोधडी. जुन्या धोतराचा चौपदरी तुकडा. पिण्याच्या पाण्याची वीस लिटरची प्लॅस्टिकची बाटली. औषधाच्या दुकानातून आणलेली सलाइनची नळी. आणि बीअरमध्ये गोडी किती उरली हे दाखवणारा एक घनतामापी, जो त्यांच्या सगळ्या संसारातली एकमेव झकपक वस्तू होता. निवृत्तीच्या दिवशी कंपनीत मोठा समारंभ झाला होता. व्यासपीठ, फुलांनी लिहिलेला फलक, मोठ्या साहेबांचं भाषण. साहेबांनी काकांचं नाव दोनदा चुकीचं घेतलं आणि शाल-श्रीफळ पुढे केलं. काकांनी श्रीफळ घेतलं, शाल साहेबांच्या हातावर परत ठेवली आणि माइकवर म्हणाले, "याच्याऐवजी प्रयोगशाळेतला घनतामापी मिळाला तर बरं होईल. तिसऱ्या कपाटात आहे. चावी माझ्याकडेच आहे." हा किस्सा मला काकूंनी सांगितला. सांगताना त्या कपाळाला हात लावत होत्या, पण हसतही होत्या.

जव ते कल्याणहून आणायचे. सालासकट हवे असायचे, कारण साल काढलेल्याला मोड येत नाहीत. आणि सालासकट जव फक्त पूजासाहित्याच्या दुकानात मिळायचे. काका दर हिवाळ्यात तिथून बारा किलो जव घेत. लोक होमासाठी पावशेर नेतात. दुकानदार त्यांना बघताच उभा राहायचा. "गुरुजी, यंदा कुठे आहे यज्ञ?" काका गंभीरपणे सांगायचे, "घरीच." परत निघताना तो त्यांच्या पाया पडायचा. एकदा मी बरोबर होते, तर माझ्याही पडला.

भंगारवाल्याशी त्यांचं नातं उलटं होतं. आख्खी गल्ली त्याला रिकाम्या बाटल्या विकायची, काका त्याच्याकडून विकत घ्यायचे. त्यामुळे गल्लीचा असा ठाम समज होता की काका आता इतके वाहवत गेले आहेत की दुसऱ्यांच्या बाटल्यांतले थेंबसुद्धा सोडत नाहीत. प्रत्यक्षात ते रविवारी दुपारी अर्धा कप घ्यायचे आणि झोपायचे.

बीअर करण्याची त्यांची रीत मी इतक्या वेळा पाहिली की ती मला माझ्या पगाराच्या तारखेपेक्षा चांगली आठवते. मोड आणून वाळवलेले, भाजलेले, भरडलेले जव गरम पाण्यात कालवायचे. पाणी हाताला चटका बसेल एवढंच, उकळतं नाही. मग टोपाला गोधडी गुंडाळायची, एखाद्या तापकऱ्याला गुंडाळावी तशी, आणि दीड तास बसून राहायचं. या दीड तासात दाण्यातल्या पिठाची साखर होते. आत काय चाललंय हे बघायची फार इच्छा होते. मी पहिल्यांदा हात पुढे केला तेव्हा काकांनी वर न बघता म्हटलं, "झाकण उघडायचं नाही."

"नुसतं बघते."

"सगळे नुसतंच बघतात. तेवढ्यात ऊब जाते."

मग धोतरातून गाळणं. इथे त्यांची खरी कला होती. पहिलं जे दाट, गोड पाणी निघतं तेवढंच कडक बीअरसाठी घ्यायचं. नंतर दाण्यांवर परत पाणी घालून जे पातळ निघतं त्याची वेगळी, हलकी बीअर. काकू राजापूरकडच्या. त्या म्हणायच्या, "यात नवीन काय आहे? नारळाचं दूध असंच काढतात. पहिलं जाड, दुसरं पातळ." काकांना हे फार लागायचं, कारण ही पद्धत आपण जुन्या पुस्तकांतून शोधून काढली असं त्यांना वाटायचं.

टोपात बारा किलो दाणे मावायचे नाहीत, तीनच मावायचे. म्हणून बीअर थोडी निघायची. मी म्हटलं, मोठं भांडं का घेत नाही? ते म्हणाले, "मोठं भांडं घेतलं की माणूस पाणी वाढवतो."

माझा व्यवसाय त्यांना पहिल्या आठवड्यातच कळला होता. मी बिल्डरांची माहितीपत्रकं लिहिते. स्टेशनपासून रिक्षाने पंचवीस मिनिटांवरच्या इमारतीला मी 'हाकेच्या अंतरावर' म्हणते, नाल्याला 'जलाशयाचा शेजार' म्हणते, आणि टिटवाळ्याच्या पलीकडे जे जे काही आहे ते सगळं निसर्गाच्या कुशीत आहे.

"म्हणजे खोटं बोलायचा पगार मिळतो," काका म्हणाले.

"हो."

"चांगला मिळतो?"

"नाही."

"मग संध्याकाळी खरं बोलायला तुझी काही हरकत नसावी."

या वाक्याचा अर्थ मला दोन महिन्यांनी कळला. काकू भजनाला गेल्या होत्या. मी वर काम करत बसले होते आणि खालून करपल्याचा वास यायला लागला. आधी वाटलं शेजारी. मग धावत खाली गेले. स्वयंपाकघरात धूर, गॅसवर दुधाचं पातेलं काळंठिक्कर, आणि त्याच्यापासून तीन हातांवर काका खुर्चीत पुस्तक वाचत बसलेले.

"काका, दूध!"

त्यांनी पुस्तकातून डोकं वर काढलं, गॅस बंद केला आणि पातेल्यात डोकावून पाहिलं. मग मला विचारलं, "कसा आहे वास?"

ज्या सुरात त्यांनी हे विचारलं त्यावरून मला कळलं. कोविडमध्ये गेलेला वास परत आला नव्हता. अनेकांचा आला, त्यांचा नाही. ते भाडेकरू शोधत नव्हते, नाक शोधत होते.

"हिला सांगायचं नाही," ते पातेलं घासत म्हणाले. "सांगितलंस तर गॅसला हात लावू देणार नाही मला. मग टोप गेला, सगळं गेलं. आणि पन्नासावं वर्ष तोंडावर आलंय."

पन्नासाव्या वर्षाची गोष्ट मला माहीत होती. गल्लीत सगळ्यांनाच माहीत होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी काकांनी कुकरमध्ये पहिली बीअर केली आणि बाटली फुटून देव्हाऱ्यापर्यंत फेस गेला. काकूंनी देव पुसले आणि बाटलीला हात लावायला नकार दिला. नवरा फारच मागे लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "लग्नाला पन्नास वर्षं झाली की एक घोट घेईन. एकच. तोवर विचारायचं नाही." विषय संपवायला म्हटलं होतं. पण काका शब्दाला पक्के निघाले. एकोणपन्नास वर्षं त्यांनी विचारलं नाही. आणि काकू एकोणपन्नास वर्षं त्यांना जवाला मोड आणून देत राहिल्या, कारण मोड आणणं, गच्चीवर वाळवणं, मंद भाजणं यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्यांनीच केलेलं नाचणीचं सत्त्व पाजलेलं. "पुढे ते बाळाच्या पोटात जातं की ह्यांच्या," त्या म्हणायच्या, "ते मी बघत नाही."

तर त्या एका घोटासाठीची बीअर एक वर्ष आधी करायची होती, आणि ती करणाऱ्याला वास येत नव्हता. त्या दिवसापासून मी त्यांचं नाक झाले. रोज संध्याकाळी खाली जायचं, झाकणाच्या नळीशी नाक न्यायचं आणि सांगायचं. त्यांना 'छान', 'मस्त' असले शब्द चालायचे नाहीत.

"कसला?"

"केळ्याचा."

"कच्च्या की पिकलेल्या?"

"पिकून काळ्या पडलेल्या."

"ऊन झालंय तिला. पाणी बदल." मग मी बाटली ज्या टबात उभी असायची त्यातलं पाणी बदलायचे आणि तिच्या अंगावरचा पंचा परत ओला करायचे.

मला हे काम आवडायला लागलं हे कबूल केलं पाहिजे. दिवसभर मी जे शब्द वापरायचे त्यांना कशाचाच वास नसायचा. संध्याकाळी एका शब्दावर कोणाचं तरी काहीतरी अवलंबून असायचं.

एकदा ठाण्याला घरगुती बीअर करणाऱ्यांचा मेळावा होता. घोडबंदर रोडला, एका चाळीस मजली इमारतीच्या क्लबहाउसमध्ये. त्या इमारतीचं माहितीपत्रक मी लिहिलं नव्हतं, पण लिहू शकले असते. यजमान तिशीतला तरुण होता. त्याच्याकडे परदेशी बनावटीचं चकचकीत यंत्र होतं. त्याला मोबाइलवरून सूचना देता यायच्या. त्याने आपल्या बीअरबद्दल दहा मिनिटं भाषण केलं. त्यात जंगल होतं, आजोबांचं गाव होतं, एक प्रवास होता. काका डब्याच्या पिशवीत आपली बाटली घेऊन शेवटच्या रांगेत बसले होते. मग 'ज्येष्ठ आणि आदरणीय' म्हणून त्यांना पुढे बोलावलं आणि त्या बीअरवर दोन शब्द बोलायला सांगितलं.

काकांनी ग्लास माझ्या हातात दिला. मी वास घेतला आणि कानात सांगितलं, "ओला पुठ्ठा."

"ओला पुठ्ठा," काका माइकवर म्हणाले. "भरताना हवा लागली. नळी बाटलीच्या तळापर्यंत ने. बाकी यंत्र छान आहे."

मला वाटलं आता आम्हाला बाहेर काढतात. त्या मुलाचं तोंड उतरलं, पण मागच्या महिन्यापासून आपल्यालाही तसंच वाटत होतं हे त्याने नंतर लिफ्टपाशी येऊन सांगितलं. बाकी सगळे मात्र त्याला वा वाच म्हणत आले होते. परत येताना रिक्षात काका खुशीत होते. "दोन शब्द म्हणाला, दोनच बोललो," ते म्हणाले.

आता माझ्या चुकीबद्दल.

उकळून थंड केलेल्या त्या गोड रसात खमीर घालण्याआधी हवा मिसळावी लागते. लोक त्यासाठी पंप वापरतात. काका रवी वापरायचे, ताक घुसळायची साधी लाकडी रवी. घरात दोन होत्या. एक काकूंची ताकाची, एक काकांची, दांड्याला लाल दोरा बांधलेली. स्वयंपाकघराच्या दारामागे एका खिळ्याला दोन्ही टांगलेल्या असायच्या. ताकाच्या रवीला बीअरमध्ये सक्त मनाई होती. काकूंचं विरजण जबरदस्त होतं. त्यांच्या सासूबाईंनी लग्नात हातावर ठेवलेलं. तेव्हापासून रोज लावलेलं, एक दिवसही मोडू न दिलेलं. त्या गावाला गेल्या तर शेजारी देऊन जायच्या, दागिने द्यावेत तसं. काका म्हणायचे, "त्या रवीच्या लाकडात माझी बायको आणि माझी आई दोघी बसल्या आहेत. धुऊन जात नाहीत."

पन्नासाव्या वर्षाची बीअर आम्ही मे अखेरीस लावली. काकूंचे गुडघे दुखत होते तरी त्यांनी जव स्वतः भाजले. काकांनी कडूपणासाठी घालायची हॉप्सची फुलं नेहमीच्या निम्मीच घातली, कारण "तिला कडू आवडत नाही." रस उकळून उकळून मधासारखा झाला. थंड झाला. काका खमीर तयार करत होते. त्यांनी मला रवी आणायला सांगितलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. एका बिल्डरला 'भव्य'च्या जागी 'दिव्य' हवं होतं, पण दिव्य हे देवळासारखं वाटेल का, अशी त्याला शंका होती. मी फोन खांदा आणि कान यांच्यात धरून त्याला समजावत गेले, दारामागून रवी काढली आणि भव्य की दिव्य करत दहा मिनिटं घुसळलं. रवी धुऊन परत टांगायला गेले तेव्हा खिळ्यावर लाल दोऱ्याची रवी होती. कोरडी.

मी काही बोलले नाही. म्हटलं, होणारही नाही कदाचित. काकांनी खमीर घातलं होतं, नळी पाण्यात बुडबुडे सोडायला लागली होती, आणि ते टबाशेजारी स्टूल घेऊन बसले होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी वर निघून गेले.

दुसऱ्या आठवड्यात मी नळीशी नाक नेलं आणि मला ताकाचा वास आला. आंबट, स्वच्छ, ओळखीचा. तोवर पाऊस सुरू झाला होता. आता जवाला मोड आणून वाळवायला ऊन मिळणार नव्हतं, आणि भाजलेले दाणे संपले होते. दुसरी लावणं शक्य नव्हतं.

"कसला?" काकांनी विचारलं.

"फार सुंदर वळण घेतंय," मी म्हणाले. "म्हणजे सुरुवातीचा जो गोडसरपणा होता ना, त्याच्यावर आता एक प्रकारची पिकल्या फळांची, म्हणजे उन्हाळ्यातल्या बागेची, अशी एक..."

"हं," काका म्हणाले. त्यांनी घनतामापीसाठी नळकांडीत थोडी काढली, आकडा वहीत लिहिला, आणि नेहमीप्रमाणे नळकांडीतली पिऊन टाकली. आता आंबटपणा कळेल असं वाटलं. पण त्यांना वास येत नाही, मग काय कळणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यांनी वहीत आणखी एक ओळ लिहिली आणि वही मिटली.

त्यानंतर बाटल्या भरल्या, जिन्याखालच्या अंधारात ठेवल्या. दर महिन्याला ते एक बाटली उघडून वास घ्यायला लावायचे. "कसला?" आणि मी दर महिन्याला त्यांना मनुका, जुनं लाकूड, श्रावणातली संध्याकाळ असलं काहीतरी ऐकवायचे. ते "हं" म्हणायचे. त्या वर्षी मी लिहिलेली माहितीपत्रकं फार गाजली.

लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आला. गल्लीतल्या मंडळाला जोडप्याचा सत्कार करायचा होता. काकांनी निरोप पाठवला की शाल असेल तर येणार नाही. दुपारी जेवायला टिटवाळ्याची मुलगी यायची होती, त्याआधी अकरा वाजता घोट घ्यायचा ठरलं होतं. दहा वाजता मी खाली गेले. काका बर्फाच्या पाण्यात बाटली ठेवून काचेचा एक लहान पेला पुसत होते. तो लग्नातल्या सेटमधला उरलेला शेवटचा होता.

"काका, ती आंबली आहे."

ते पुसत राहिले.

"मी ताकाची रवी घातली. मला तेव्हाच कळलं. मी खोटं बोलले."

"आज लहान वाक्यं बोलतेस," काका म्हणाले.

मी बर्फाच्या पाण्यातली बाटली उगाचच फिरवली.

"नाक गेलंय माझं," ते म्हणाले. "जीभ जागेवर आहे. आंबट, गोड, खारट, कडू कळायला नाक लागत नाही. नळकांडीतली प्यायलो तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू वास घ्यायला यायची थांबली असतीस. मग मी कोणाला विचारणार होतो? त्या भंगारवाल्याला?"

"पण मी खोटंच सांगत होते."

"खोटं असलं की तू लांबलचक बोलतेस. बागा येतात, संध्याकाळ येते. खरं असलं की एक शब्द. तेवढ्यावर माझं भागत होतं." त्यांनी पेला उजेडात धरून बघितला. "फक्त जरा जास्तच लांबवलंस. वर्षभर."

"काकूंना काय सांगायचं?"

"घोट तिचा आहे," ते म्हणाले. "तुझं तू बघ."

अकरा वाजता काकू हिरवं नऊवारी नेसून आल्या. आयुष्यभर पाचवारी नेसणाऱ्या बाई त्या दिवशी एका घोटासाठी नऊवारी नेसल्या होत्या. देव्हाऱ्याकडे पाहून त्यांनी आधीच माफी मागून टाकली. काकांनी बाटली उघडली. पेल्यात दाट तपकिरी, वर जेमतेम फेस. त्यांनी पेला पुढे केला. पन्नास वर्षांत मला वाटतं ते पहिल्यांदाच विचारत होते.

"काकू, थांबा," मी म्हटलं. "ती बिघडलीय. आंबट झालीय. चूक माझी आहे."

"आधी पिऊ तर दे," काकू म्हणाल्या आणि घोट घेतला.

त्यांनी तो तोंडात धरून ठेवला. डोळे मिटले. मग गिळला आणि नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, यात माझं विरजण आहे."

काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"पन्नास वर्षं रोज लावतेय, मला कळणार नाही? हे माझं ताक आहे." त्या पेल्यात बघत होत्या. "तुमच्या आईच्या हातचं."

"आवडली?" काकांनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

काकूंनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," त्या म्हणाल्या. "वाईट आहे. पण ओळखीची आहे." आणि परत एक घोट घेतला.

"एकच ठरला होता," काका म्हणाले.

"तो ठरलेला झाला. हा माझ्या मनाचा." मग पेला खाली ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू त्यांचं नाक म्हणून रोज खाली येत होतीस, हे मला माहीत नव्हतं असं समजू नका दोघं. तीन वर्षांत ह्यांनी एकदाही आमटीत हिंग जास्त झाला म्हटलं नाही. मी मुद्दाम चिमूटभर वाढवत गेले, तरी नाही. तेव्हाच काय ते समजले."

"मग गॅसला हात कसा लावू दिलास?" काकांनी विचारलं.

"तुम्ही गॅसपाशी असताना मी घराबाहेर गेलेली बघितलीत का परत कधी?"

गेल्या नव्हत्या. दूध करपलं त्या दिवसापासून भजन आमच्याच ओटीवर भरत होतं. मला ते फक्त आवाजाचा त्रास म्हणून लक्षात होतं.

काका खुर्चीत बसले आणि हसायला लागले. त्यांना एवढं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. उरलेला पेला त्यांनी प्यायला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "खरंच वाईट आहे."

त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्यासाठी वास घेतला, एकेका शब्दात. गेल्या हिवाळ्यात काका गेले, रविवारी, दुपारच्या झोपेत. पूजासाहित्याचा दुकानदार तेराव्याला आला होता. एवढे यज्ञ केलेला माणूस, म्हणाला.

काकू आता मुलीकडे टिटवाळ्याला असतात. त्या संकुलाचं माहितीपत्रक मीच लिहिलं होतं. मी गेले तेव्हा त्यांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवून विचारलं, "ती कूस कुठे आहे गं? निसर्गाची?" मी म्हटलं, कुठेच नाही. "वाटलंच," त्या म्हणाल्या. "पण पाणी येतं." मी अजूनही तीच नोकरी करते. वाक्यं मात्र लहान झाली आहेत. दोन बिल्डर सोडून गेले आणि एक आला, त्याला बहुतेक लांब वाचायचा कंटाळा आहे.

निघताना काकूंनी मला तीन गोष्टी दिल्या. वाटीभर विरजण, फडक्यात गुंडाळलेल्या दोन्ही रव्या आणि काकांची वही. परतीच्या प्रवासात मी ती त्या जून महिन्याच्या पानावर उघडली. दुसऱ्या आठवड्यातली नोंद होती. घनतेचा आकडा, तापमान, आणि शेवटी शेरा, त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोरीव अक्षरात:

"आंबट. चूक माझी. दोन रव्या एकाच खिळ्याला टांगल्या होत्या."

घरी आले, हातोडी शोधली. माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे आता दोन खिळे आहेत.